सोमवारी नाचणारा घोडा

तो घोडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चप्पल काढून त्याच्यापुढे हात जोडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की या बाईला सगळं पहिल्यापासून कळत होतं. तसं काही नव्हतं. मी जनावरांची डॉक्टर आहे. औशाकडच्या एका शेतकऱ्याच्या घरात जन्मले, उदगीरला शिकले, आणि तेव्हा बिलोली तालुक्यातल्या एका गावच्या दवाखान्यात माझी नेमणूक होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, लसींचा एक फ्रीज आणि अंगणात जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. माझ्या हाताखालून म्हशी, बैल, शेळ्या किती गेल्या त्याची गणती नाही. घोडे मात्र बोटावर मोजण्याइतके.

मार्गशीर्ष चालू होता. मांजरेच्या काठच्या एका गावात शेळ्यांना लस द्यायला गेले होते. एक गल्ली झाली, दुसऱ्या गल्लीत वळले, तर तिथं माणूसच नाही. दारं उघडी होती. एका घरात चुलीवरचा भात करपायला लागला होता, वास पार रस्त्यावर येत होता आणि तो उतरवायला कोणी नव्हतं. मीच आत जाऊन भात उतरवला, कारण करपलेल्या भाताचा वास मला सहन होत नाही. मग हाका मारल्या. उत्तर नाही. दुपारचे बारा वाजून गेले होते, लख्ख ऊन होतं, कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. दिवसाढवळ्या एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

सगळं गाव खंडोबाच्या देवळाच्या आवारात बसलेलं होतं. शे-दीडशे माणसं असतील. बायका एका अंगाला, म्हातारी माणसं पुढं, आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मधल्या फरशीवर खुंट्याला बांधलेला एक पांढरा घोडा. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. वाजवणारा नव्हता, ढोल नव्हता. घोड्यानं उजवा पाय उचलला, थोडा वेळ अधांतरी धरला आणि ठेवला. मग डावा उचलला, धरला, ठेवला. पुन्हा उजवा. मधेच त्यानं पुढचे दोन्ही पाय लांब टाकले आणि सगळं अंग मागं झुकवलं, नाचणारे घोडे पालखीपुढं सलामी देतात तसं. फरशीवर नाल टेकला की टक् असा आवाज यायचा. दोन आवाजांच्या मधे जी शांतता होती, तिच्यात ते सगळं गाव कान देऊन बसलं होतं.

माझ्या शेजारची बाई माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ऐकू येऊन राहिलं का?"

"काय?"

"ढोल."

खरं सांगायचं तर एक क्षणभर मला आला ऐकू. कुठून तरी लांबून, नदीच्या पलीकडून यावा तसा.  मी हात जोडले. त्या बाईनं माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला, आणि सगळ्यांबरोबर रांगेत जाऊन मी तो घोड्याला भरवला. त्याच्या नाकातून गरम वाफ माझ्या मनगटावर आली.

हकीकत मला त्याच आवारात कळली. घोडा देवाचा. गावातल्या एका कुणब्याच्या घराण्यानं नवस बोलून तो देवाला सोडलेला, आणि त्याची देखभालही त्याच घराकडं. घरातला कर्ता माणूस घोड्याला नाचायला शिकवायचा आणि स्वतःच ढोल वाजवायचा. रविवार देवाचा, गर्दीचा; म्हणून तो सोमवारी दुपारी, आवार मोकळं असताना, घोड्याला तिथं सरावाला आणायचा. त्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत छातीत कळ येऊन तो माणूस शेतातच गेला. तेरवी रविवारी झाली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, घरच्यांनी घोडा देवळात आणून नुसता बांधला, आणि बाराच्या सुमाराला घोडा आपला आपण नाचायला लागला. तेव्हापासून दर सोमवारी.

त्या माणसाची बायको खांबाला टेकून बसली होती. पन्नाशीची, सावळी, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं. ती घोड्याकडं बघत नव्हती. डोळे मिटून ती मांडीवर दोन बोटांनी ठेका धरत होती, आणि तो ठेका घोड्याच्या पावलांशी जुळत होता.

"मावशी," मी विचारलं, "तुम्हालापण ऐकू येतं?"

"त्याला येतं," ती घोड्याकडं मान करून म्हणाली. "मला काय गरज. ते वाजवून राहिलेत, म्हणून हे नाचून राहिलंय."

त्या रात्री आईला फोन करून मी हे सगळं रंगवून सांगितलं. आईनंही तिकडून हात जोडले असणार.

आठवड्याभरात त्या नाचाचा व्हिडिओ सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरला. कोणा हुशार माणसानं त्यात ढोलाचा आवाज घातला होता, आणि तो इतका बरोबर बसला होता की बघणाऱ्याला शंकाच येऊ नये. देगलूरहून, धर्माबादहून, पार पलीकडून तेलंगणातून लोक यायला लागले. येताना कोणी रिकाम्या हातानं येत नाही. गूळ, भिजवलेला हरभरा, पुरणाच्या पोळ्या, लाडू, बुंदी. रविवारी नैवेद्याची रांग लागायची आणि सोमवारी सगळे नाच बघायला बसायचे. जसजसे लोक वाढले तसतसा घोडा जास्त वेळ नाचायला लागला. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

पुढे एका सोमवारी मी काम काढून मुद्दाम गेले. या वेळी जवळ बसले, आणि मला चैन पडेना. थंडीचे दिवस, सावलीत उभा घोडा, आणि त्याच्या मानेवर घाम. नाकपुड्या फुगलेल्या. कान मागं. डोळ्यांच्या वर खळगे पडलेले. मी जनावरांच्या दुखण्यात वाढलेली बाई आहे. चेहरा दुखणाऱ्या जनावराचा आहे हे मला कळलं. पण दुखतंय काय, ते कळेना. पोट बघितलं असतं, पण गेलेल्या मालकाचा पुतण्या म्हणा की भक्त म्हणा, सगळ्यांनी मला मागं सारलं. विशेषतः मावशींच्या दिरानं. तोच आता सगळी व्यवस्था बघत होता. नाच चालू असताना देवाच्या घोड्याला हात लावायचा नसतो, असा नियम त्यानं केला होता. मी मुकाट्यानं मागं सरले आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत राहिले.

बिलोलीत एक नालबंद चाचा होते. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या हाच धंदा. पूर्वी घोडे, आता बहुतेक बैलच. बैलांच्या कामात माझी त्यांच्याशी ओळख झाली होती. सत्तरी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, आणि बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं आपलंच काही चुकलं. त्यांच्या दुकानात जाऊन मी मोबाइल पुढं धरला. व्हिडिओ सुरू झाल्या झाल्या त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आवाज बंद केला. मग बिनआवाजाचा तो नाच त्यांनी तीनदा बघितला.

"बेटा," ते म्हणाले, "आवाज लावला तं नाच हाय. आवाज काढून बघ."

मी बघितलं. घोडा उजव्या पायावरचा भार काढून डाव्यावर देत होता. तो सोसला नाही की डाव्यावरचा उजव्यावर. दोन्ही सोसेनासे झाले की पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागच्या पायांवर. त्यात सलामी कुठंच नव्हती. तव्यावर उभ्या केलेल्या जिवाची धडपड होती. 

"पाय जळून राहिलेत त्याचे," चाचा म्हणाले. "खायला काय देतेत?"

मी यादी सांगितली. गूळ मात्र मी सगळ्यात शेवटी सांगितला.

उदगीरला हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहून मी मार्कही घेतले होते. घोड्याला एकदम दाणा, गोड, तळलेलं असं खूप घातलं की पोटात बिघाड होतो आणि त्याची सूज उतरते खुरात. खूर टणक, आतली सूज जाणार कुठं? आत खूर आणि हाड यांचा जो सांधा असतो तो सुटायला लागतो. खाल्ल्यापासून साधारण एका दिवसानं दुखणं उसळतं. रविवारी नैवेद्य, सोमवारी नाच. तेरवीच्या दिवशी उरलेली बुंदी आणि पुऱ्या घोड्यापुढं टाकल्या होत्या, हे मला नंतर मावशींनीच सांगितलं. धनी गेला म्हणून मुकं जनावर उपाशी राहू नये, एवढ्यासाठी. शिवाय मालक रोज त्याला नदीपर्यंत फिरवून आणायचा, ते बंद होऊन घोडा एका जागी बांधलेला. आम्हाला जनावराच्या सुखाचे पाच नियम पाठ करायला लावतात: भूक नको, गैरसोय नको, दुखणं नको, भीती नको, आणि त्याला त्याच्या स्वभावानं वागता यावं. गावानं पहिला नियम असा काही पाळला होता की बाकीचे चार मोडले. आणि माझा हातभार त्यात होता, एका खड्याचा.

पुढच्या सोमवारी मी चाचांना मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. नाच सुरू व्हायच्या आधी पोचायचं म्हणून सकाळीच. मावशी आवार झाडत होत्या. दीर पाणी मारत होता. घोडा उभा होता आणि पाय अजून हलत नव्हते, पण गुडघे थरथरत होते. चाचांनी कोणाला काही न विचारता खाली बसून हाताची मागची बाजू त्याच्या खुराला लावली आणि लगेच काढून घेतली. मी लावून पाहिली. सकाळच्या गारठ्यात तो खूर चहाच्या भांड्यासारखा गरम होता.

मी सगळं समजावून सांगितलं. मी चांगलं समजावते असा माझा समज होता. दिरानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टरबाई, तुमच्या पुस्तकात देव न्हाई म्हणून तुम्हाला दिसत न्हाई. लोकं काय खुळे हायेत का?"

"लोक नाहीत खुळे. मीच होते. पण हा घोडा खाली बसला तर उठणार नाही, आणि उठला नाही तर जगणार नाही. अजून दोन-तीन रविवार असे गेले की संपलं."

मावशींनी झाडू खाली ठेवला नव्हता. त्या म्हणाल्या, "मग ठेका कसा जुळतो?"

 मी खाली बसून कामाला लागले. खुराच्या वर, मागच्या अंगाला, दोन्ही बाजूंना घोड्याची नाडी असते. निरोगी घोड्यात ती इतकी बारीक की शोधावी लागते. मी बोट ठेवलं आणि शोधावं लागलंच नाही. बोटाखाली कोणी तरी वाजवत होतं. दाण, दाण, दाण. इतक्या जोरात की माझं बोट उचललं जातंय असं वाटावं. मी वर पाहिलं. मावशींचा झाडू धरलेला हात तसाच होता, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं लुगड्यावर आपटत होती. माझ्या बोटाखालचा एकही ठोका ती चुकवत नव्हती.

मी घाबरले. चांगलीच घाबरले. चाचांकडं पाहिलं तर ते दुसऱ्या पायाच्या नाडीवर बोट ठेवून मावशींच्या हाताकडंच बघत होते. ते काय पुटपुटले, ते मी विचारलं नाही.

"मावशी, इकडं या. इथं बोट ठेवा."

त्या गुडघ्यावर बसल्या. मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं.  मग त्यांचा चेहरा असा बदलला की मी त्यांचा दंड धरला.

"हेच," त्या म्हणाल्या. "हाच ठेका. ते आत हायेत."

आवारात पाणी मारायचा आवाज थांबला होता. मी रोगाचा पुरावा म्हणून जे त्यांच्या बोटाखाली दिलं, ते त्यांनी नवरा म्हणून घेतलं होतं. नाडी आहे, रक्त अडतंय, म्हणून ठोका जोरात लागतोय, असं मी बोलत राहिले. त्या ऐकतही नव्हत्या. बोट तसंच. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंडावर हसू होतं. नवरा गेल्यापासून ही बाई हसलीच नसणार, आणि ते हसू मला काढून घ्यायचं होतं. माझा धंदाच मला त्या क्षणी नकोसा झाला.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "हे बरं झालं तर हे थांबंल का?"

खोटं सांगता आलं असतं. "हाव," मी म्हणाले. "बरा झाला की थांबणार."

"आन् न्हाई थांबलं तर?"

"तर घोडा मरणार."

"लई दुखून राहिलं का त्याला?"

त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर चाचांनी दिलं. "माय, नख उपटल्यावर बोट जमिनीवर टेकव. तसं. चारी पायाला."

मावशींनी बोट काढलं नाही. घोड्यानं तेवढ्यात उजवा पाय उचलला, त्यांच्या हातासकट. पहिल्यांदाच त्यांनी वर मान करून त्याच्या तोंडाकडं पाहिलं असावं. नाचताना त्या डोळे मिटून बसायच्या. त्या बघत राहिल्या. मग उठल्या, खुंट्याचा दोर सोडला आणि दिराला म्हणाल्या, "आजपासून निवद बंद. कुणी गुळाचा खडा जरी दिला तरी मी त्याच्या दारात जाऊन बसंन." दीर हातातली बादली खाली ठेवून वाटेतून बाजूला झाला.

चाचांनी एकेक खिळा कापून चारी नाल काढले, घोड्याला जराही हिसका न देता. एवढं हळू काम करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पुढच्या खुरांची टोकं तासून त्यांनी जुन्या गादीचा फोम कापला आणि तळाला बांधला. मी दुखणं उतरवायचं इंजेक्शन दिलं. मग पावला-पावलाला थांबत आम्ही त्याला नदीवर नेलं. देऊळ ते मांजरा अंतर किती, तर पाच मिनिटांचं. आम्हाला तास लागला. पाण्यात त्याचे गुडघ्यापर्यंतचे पाय गेले आणि घोड्यानं एक लांब श्वास सोडला. मावशी लुगडं खोचून त्याच्याशेजारी पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी गार होतं, मला काठावर हुडहुडी भरत होती.

दुपारी परत येताना मी देवळावरून गेले आणि मला गाडी थांबवावी लागली. आवार भरलेलं होतं. घोडा नदीत होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी शे-दोनशे माणसं रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून बसली होती.  बाराच्या सुमाराला पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलवायला सुरुवात केली, मग त्याच्या शेजारच्यानं, मग सगळी रांग डुलायला लागली. कसल्याही आवाजावाचून. माझ्या मागं बसलेले चाचा म्हणाले, "चल बेटा, चल," आणि मी गाडी जोरात काढली.

देव घालवला, असं माझ्याबद्दल त्या गावात बोललं गेलं. शेळ्यांची लस घ्यायला लोक येईनासे झाले. एकानं तर तोंडावर सांगितलं, तुमचा हात लागला आन् नाच गेला. मी त्याला दोन शब्द सुनावले, तेही फार सभ्य नव्हते. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट मावशींचं वाटायचं. त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी घोड्याला नदीत घेऊन उभ्या राहत. गोठ्यात त्यांनी नदीची वाळू टोपल्यानं वाहून गुडघाभर अंथरली, घोड्याला आडवं होता यावं म्हणून. साखर उतरावी म्हणून भिजवून निथळलेल्या वाळल्या गवताशिवाय त्याच्या तोंडापुढं काही जाऊ दिलं नाही. औषधाच्या वेळा मला कधी सांगाव्या लागल्या नाहीत. आणि रोज, पाण्यातून वर आलं की, त्या खाली बसून नाडीवर बोट ठेवायच्या आणि मला फोन करायच्या.

"आज कमी हाय."

दुसऱ्या दिवशी, "आजून कमी."

मी खूश होऊन "छान, छान" म्हणायचे.  त्या फोन चालूच ठेवायच्या, आणि मागं पाण्याचा आवाज यायचा. हळूहळू मी "छान" म्हणायचं सोडलं. बरं वाटतंय ते आपल्या एकटीला, त्यांना नाही, हे मला उशिरा का होईना कळलं. त्या स्वतःच्या हातानं रोज थोडं थोडं काय बंद करत होत्या, ते त्यांना पुरतं माहीत होतं, आणि तरी एक दिवस चुकवला नाही. एका रविवारी कोणी तरी पाटीभर लाडू गोठ्याच्या दाराशी ठेवून गेलं होतं. ती पाटी त्यांनी नदीत सोडली. एक लाडू, फक्त एक, पुढ्यात टाकला असता तर ठेका परत आला असता. हे त्याच मला म्हणाल्या. "हातात घेतला होता," एवढंच.

माघात एका सकाळी फोन आला नाही. दुपारपर्यंत वाट बघून मी गेले. घोडा गोठ्याबाहेर उन्हात चारी पायांवर उभा होता, शेपटीनं माशा वारत. पाय हलत नव्हते. एका जागी, सगळा भार टाकून, निवांत उभा असलेला घोडा किती देखणा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मावशी त्याच्या पायाशी बसल्या होत्या, बोट नाडीवर.

"न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बघून राहिले. सगळ्या पायांना बघितलं."

मी त्यांच्याजवळ मातीत बसले. अभिनंदन करण्याइतकी मी मूर्ख उरले नव्हते. त्या रडत नव्हत्या. तेरवीपर्यंत माणसाला रडायला लोक असतात. या वेळी मी एकटीच होते, आणि मीच ते घडवून आणलं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "बऱ्या घोड्यालाही नाडी असते. पण लई बारीक. बोट अगदी हलकं ठेवावं लागतं, आन् धीर धरावा लागतो."

त्यांनी बोट सैल केलं. मी त्यांच्या बोटाशेजारी माझं ठेवलं. घोडा हलला नाही. समोरच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरला. आम्ही किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही, पण माझ्या पायाला मुंग्या आल्या आणि त्या जाऊन पुन्हा आल्या.

मग मावशींची मान हळूच एका बाजूला झाली. "हाय," त्या म्हणाल्या. "लांब गेलेत. पण हाय."

माझ्या बोटाला काहीच लागत नव्हतं. शपथेवर सांगते, काही नव्हतं; ऊब होती आणि केस होते.

"तुला लागलं का गं?"

मी हो म्हणाले.